धम्माला सोंग मानवत नाही



धर्मांतर म्हणजे भिंतीवरची एक तसबीर उतरवून दुसरी लावणे नव्हे, हे आपणांस सांगण्याचे कारण नाही. परंतु दीक्षेनंतर घरोघर एक प्रश्न उभा राहतो आणि सभांतून त्याची चर्चा फारशी होत नाही. आपण जे आहोत ते जगास दिसू द्यावे की झाकावे, हा तो प्रश्न होय.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत भाड्याची जागा पाहू जाणाऱ्या बौद्ध कुटुंबास तो पहिल्याच भेटीत गाठतो. दलाल भाडे सांगण्यापूर्वी आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. तेवढ्यानेही भागले नाही तर घरात मांसमच्छी शिजते काय, असे विचारतो. मग कोणी आडनाव फिरवून सांगतो. कोणी मालक येणार म्हणून बाबासाहेबांची तसबीर कपाटात ठेवतो. कोणी मुलांस शेजाऱ्यांपुढे ‘जय भीम’ म्हणू नका, असे बजावतो. या माणसांस भित्रे म्हणून हिणविणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. पहिला दोष विचारणाऱ्याचा आहे.

हा प्रसंग खुद्द बाबासाहेबांवर आला होता. १९१७ साली विलायतेहून परतून ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा एवढ्या विद्वानास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दाराशी येऊन उभे राहिले आणि त्यांस जागा सोडावी लागली. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविली. नाव लपविल्याची गोष्ट मात्र त्यांनी लपविली नाही. सोंगाने मिळालेला निवारा सोंग उघडे पडेपर्यंतच आपला असतो आणि तोवरही झोप सुखाची लागत नाही, हाच तिचा बोध. त्याच बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांदेखत दीक्षा घेतली. बंद खोलीत नव्हे, उघड्या मैदानावर!

कायद्यानेही धर्माचा अर्थ असाच लाविला आहे. अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवरून निवडून आलेले डॉ. मेश्राम हे बौद्ध झाले होते काय, हा वाद १९६४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. धर्म मानणे म्हणजे त्याचा उघड स्वीकार करणे, असे न्यायालयाने ठरविले. डॉ. मेश्राम यांनी धर्मांतर केले होते. सबब त्यांची निवड टिकली नाही. कारण अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात तेव्हा बौद्धांस स्थान नव्हते. प्रामाणिकपणाची ती किंमत होती. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांस सवलती दिल्या. केंद्राने मात्र त्या आदेशात दुरुस्ती करावयास १९९० साल उजाडले. तोवर कित्येकांनी मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू असा दुहेरी संसार केला. मुलाची शिष्यवृत्ती वा नोकरी वाचविण्यासाठी त्यांनी तसे केले. तो त्यांच्यावर लादलेला अन्याय होता. आज ते कारण उरलेले नाही. मूळची अनुसूचित जात सिद्ध करणारी कागदपत्रे जपून ठेवा. परंतु धर्माच्या रकान्यात निःशंकपणे ‘बौद्ध’ असे लिहा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. ज्यांनी भिडेपोटी वा सवयीने दुसरा धर्म सांगितला, ते या आकड्यात नाहीत. प्रगणक दारी येईल तेव्हा हे विसरू नका.

मौन आणि असत्य यांत मात्र भेद करा. घरमालकाने जात विचारली तर तिचे उत्तर देण्यास आपण बांधलेले नाही. ‘भाडे वेळेवर देईन, जागा नीट ठेवीन, याहून अधिक विचारू नका,’ असे म्हणणे हे सोंग नव्हे, तो स्वाभिमान आहे. परंतु खोटे नाव सांगू नका. खोट्या नावाचा भाडेकरार उद्या आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहील.

आता थोडे आपल्या घरात पाहू. परक्याच्या भीतीने घेतलेले सोंग एक वेळ समजू शकते. आपल्याच माणसांत घेतलेल्या सोंगाचे काय? गौरी-गणपतीस न मानण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत तिसरी आहे. तरी भाद्रपदात ‘मुलांची हौस’ म्हणून मूर्ती घरी येते. चौदा एप्रिलला मंचावरून समतेचे भाषण करावयाचे आणि मुलीसाठी स्थळ पाहताना पोटजात विचारावयाची. दारू न पिण्याची प्रतिज्ञा सकाळी विहारात म्हणावयाची आणि संध्याकाळी ती मोडावयाची. आडनाव विचारणारा दलाल आणि पोटजात विचारणारा वधूपिता यांत अंतर ते कोणते?

खोटे न बोलणे हीही त्याच बावीस प्रतिज्ञांतील एक प्रतिज्ञा आहे. तिचा आरंभ उंबरठ्याच्या आतून करा. कपाटातली तसबीर बाहेर काढा, भिंतीवर लावा आणि तिच्याखाली बसून मुलांस सांगा की या घरात जे आहे ते सर्वांदेखत आहे. ज्या मुलास घरी काही लपवावे लागत नाही, ते शाळेत मान खाली घालणार नाही.

जय भीम!