पाहिले तेवढेच लिहावे

पावसाळ्याच्या आरंभी असीरगडाच्या वाटेने जाताना पानांच्या दाटीतून एक लांब, गोड शीळ कानी येते. मान वर करावी, तो काहीतरी पिवळे-हिरवे हलते आणि दिसेनासे होते. लगेच “सुभग! सुभग!” असा एकच गलका उठतो. परंतु तो सुभगच होता हे कशावरून, असे विचारले म्हणजे सारे गप्प! आणि पक्षी तर गलक्यानेच उडून गेलेला असतो.

पानाआडचे किडे व अळ्या टिपणारे असे चिमुकले पक्षी आपल्या रानात पुष्कळ आहेत. शिंप्याचा माथा तांबूस व शेपटी उभी. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरे कडे. सुभगाच्या काळसर पंखावर दोन पांढरे पट्टे. विणीच्या दिवसांत सुभगाचा नर हवेत उंच झेप घेतो आणि पिसे फुलवून गिरक्या घेत खाली उतरतो. या खुणा पाहिल्या असतील तरच नाव घ्यावे, असे आम्हांस वाटते. मोबाईलने आवाजावरून सांगितलेले नाव हेही अनुमानच. त्याची खात्री डोळ्यांनी करावी.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर तापीच्या खोऱ्यातच आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणास सापडेना. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रजाने मात्र तो १९१४ साली तापीकाठच्या मांडवीस मिळाल्याचे नोंदवले. पुढे ती नोंद बनावट व त्याचा नमुना संग्रहालयातून चोरलेला ठरला! पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूस सारली, जुन्या खऱ्या नमुन्यांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारच्या रानातही तो आढळला. एका मोठ्या माणसाच्या खोट्या नोंदीने वाट चुकवली. साध्या, खऱ्या चिठ्ठ्यांनी ती दाखवली.

आमच्या वह्याही उद्या कोणाच्या तरी हाती पडतील. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सहलीत झाडाखाली निमूट उभे राहू या. तारीख, वेळ, झाड आणि दिसलेल्या खुणा तेवढ्या लिहू या. नाव न कळल्यास “ओळख पटली नाही” असे लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही. न पाहिलेले पाहिले म्हणण्यात मात्र आहे.