बँकॉक म्हणजे बीच नव्हे

मित्रांपैकी कुणी बँकॉक, सिंगापूर किंवा हो चि मिन्ह सिटीला निघालं, की ग्रुपवर खरेदीचे फोटो पडायला लागतात. फुलाफुलांचे पॉलिस्टर शर्ट, शॉर्ट्स, गंज्या. वर खुलासा, 'गरम असतं ना तिकडे!' गंमत म्हणजे हे सांगणारा माणूस नागपूरचा असतो. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय तो कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतसुद्धा जात नाही.

माझं भांडण या खरेदीशी आहे. उन्हात कसं वावरायचं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण विमानाचं तिकीट हातात पडलं, की आपण ते शहाणपण घरी ठेवतो आणि थंड देशातल्या लोकांसाठी लिहिलेली यादी बॅगेत भरतो. डिसेंबरच्या बर्फातून सुटून किनाऱ्यावर लोळायला येणाऱ्याला ऊन हवं असतं. आपण मात्र दिवसभर शहरात चालणार असतो: देवळं, बाजार, मेट्रो, मॉल. त्यासाठी ती यादी साफ चुकीची आहे.

आधी विज्ञान बघू. सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे. तिथे वर्षभर दुपारचं तापमान साधारण 31 ते 33 अंशांवर असतं. नागपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथे खरा त्रास दमटपणाचा आहे. 1 ग्रॅम घाम सुकताना अंगातली सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हवा आधीच ओली असेल तर घाम नीट सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम फुकट गेला. म्हणून कपड्याचं पहिलं काम म्हणजे अंगाला वारा लागू देणं. त्यासाठी कापड पातळ हवं आणि शिवण सैल. सर्वसाधारण हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. धावण्यासाठी बनवलेला जाळीदार टीशर्ट ठीक आहे, पण सेलमधला तो फुलाफुलांचा शर्ट म्हणजे अंगावर गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको, दमट हवेत ती रात्रभरात वाळतसुद्धा नाही.

'मग कमीत कमी कपडे घालणं बरं नाही का?' सावलीत, वाऱ्यात, जरूर. भर उन्हात नाही. हो चि मिन्ह सिटीत दुपारी स्कूटरवरच्या बायका बघा: टोपीचं जॅकेट, तोंडाला मास्क, हातमोजे. पुण्यात स्कार्फ आणि सनकोट घालून स्कूटी चालवणाऱ्या मुलींना याचं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

मुद्दा फक्त घामाचाही नाही. इंडोनेशियात पूर्ण बाह्यांचा बाटिक शर्ट लग्नाला आणि सरकारी समारंभाला चालतो. युनेस्कोने 2009मध्ये बाटिकला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जपानने 2005मध्ये 'कूल बिझ' मोहीम काढून उन्हाळ्यात टाय-कोट उतरवले आणि ऑफिसातला एसी 28 अंशांवर ठेवायला सांगितलं. हे लोक आपल्या हवेकडे बघून कपडे ठरवतात. आम्ही आयटीवाले मात्र क्लायंटकडे ब्लेझर घेऊन जातो आणि मग तो सहन व्हावा म्हणून मीटिंग रूमचा फ्रीज करतो.

आता एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे: 'आमची सुट्टी, आमचं शरीर, तू कोण सांगणारा?' कुणाच्या गुडघ्यांचा हिशेब मांडायला मी बसलेलो नाही. आपल्याकडे, विशेषतः मुलींसाठी, तो धंदा करणारे पुष्कळ आहेत. पण बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, आणि हा नियम पुरुषांनाही आहे. पंढरपूरला बर्म्युडा घालून न जाणारा माणूस तिथल्या दारावर पहारेकऱ्याशी हुज्जत घालतो, कारण त्याच्या लेखी ते कुणाचं श्रद्धास्थान नसून फोटोची मागची बाजू असते. हा उद्धटपणा आहे, त्याला स्वातंत्र्य म्हणू नका.

तर पाच दिवसांसाठी काय न्यायचं? पूर्ण बाह्यांचे दोन-तीन पातळ सुती किंवा लिननचे शर्ट नाहीतर कुर्ते. उन्हात बाह्या खाली, सावलीत वर; मॉल-मेट्रोच्या बोचऱ्या एसीत तेच कपडे कामाला येतात आणि देवळातही तेच चालतात. दोन सैल पँट किंवा सलवारी. आतले कपडे सुती आणि भरपूर. देवळात चटकन काढता येतील आणि पावसात भिजले तरी हरकत नाही असे सँडल. एक पंचा किंवा ओढणी, छत्री आणि टोपी. समुद्रावर जाणार असाल तर शॉर्ट्स खुशाल घ्या, त्या तिथल्याच आहेत.

यातलं बहुतेक तुमच्या कपाटात आधीच आहे. खरेदीचे पैसे वाचतील. ते तिथल्या खाण्यावर उडवा.