श्रीमंतीची रेघ कोणी ओढावी?

तहसील कचेरीच्या दारात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसास "बाबा, तू गरीब की श्रीमंत?" असे कोणी विचारले, तर त्याने काय उत्तर द्यावे? खरे उत्तर एकच आहे: "कोणता कागद काढायचा आहे, त्यावर अवलंबून आहे." घरातील माणसे तीच, वावर तेच, चूल तीच. पण कागद बदलला की आमच्या कोरपन्याचा कुणबी, तेली, माळी, सुतार, लोहार कधी कंगाल ठरतो, तर कधी सावकाराच्या पंक्तीस जाऊन बसतो. वर्षाची मिळकत १५ हजारांच्या आत असेल तर शिधापत्रिका पिवळी. १ लाखापर्यंत केशरी. त्यावर गेली की पांढरी, म्हणजे हा मनुष्य खाऊनपिऊन सुखी आहे असा सरकारी शिक्का. लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये २०२४ साली सुरू झाले, तेथे रेघ अडीच लाखांवर. इतर मागासवर्गाच्या सवलतीसाठी ती ८ लाखांवर. आणि आयकर खाते २०२५-२६ सालापासून सांगते की, नव्या पद्धतीने हिशेब दिला तर १२ लाखांपर्यंतच्या कमाईवर आम्हांस काही नको. रेशनच्या दुकानात जो मनुष्य लाखावर श्रीमंत झाला, तो आयकराच्या कचेरीत १२ लाखांवरही कर देण्याइतका मोठा नाही!

हा सगळा घोळ एका बाजूस ठेवून आम्ही साधा प्रश्न विचारतो. श्रीमंतासारखे राहावयास घरात खरोखर किती पैसा यावा लागतो?

सरकारच्याच २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीत याचे अर्धे उत्तर आहे. खेड्यांत सर्वांत वरच्या शंभरातल्या पाच लोकांचा खर्च दरमाणशी महिन्याला सरासरी १०,५०१ रुपये निघाला. सर्वांत खालच्या पाचांचा १,३७३ रुपये. शहरात वरच्या पाचांचा २०,८२४ रुपये. पाच माणसांचे घर धरले, तर खेड्यातील श्रीमंताचा वर्षाचा खर्च सव्वासहा लाखांच्या आसपास जातो आणि शहरातील श्रीमंताचा साडेबारा लाखांच्या. म्हणजे गावात ज्याच्या दारावरून जाताना लोक मान लववतात, तो नागपुरास गेला तर चारचौघांतला एक. खेड्यातल्या श्रीमंतीला फार पैसा लागत नाही, असे यावरून कोणास वाटेल. मग तेवढा तरी आमच्या वावरातून निघतो काय, ते पाहू.

पाच एकर कोरडवाहू काळी जमीन, त्यात कपाशी. पाऊस बेताचा, बोंडअळीने फारसे नुकसान केले नाही, असे चांगले साल धरा. एकरी सहा क्विंटल म्हणजे तीस क्विंटल कापूस. २०२५-२६ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. सगळाच्या सगळा कापूस या भावाने गेला, तर हाती २,४३,३०० रुपये येतात. पण सगळा जातो कोठे? ओल ८ टक्क्यांवर गेली की सीसीआय भाव कापते, १२ च्या वर गेली की बंडी परत. शिवाय २०२५ च्या ऑगस्टात परदेशी कापसावरील ११ टक्के आयात कर केंद्र सरकारने वर्षअखेरपर्यंत उठवला. नवा कापूस घरी यावयाच्या वेळीच गिरणीवाल्याची सोय झाली आणि खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यास भाव पाडावयास आयते निमित्त मिळाले. तरीही हमीभावच धरून चाला.

खर्चात बियाणे, खत, फवारणी, नांगरटी, वखरणी, डवरणी, निंदण. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये धरली, तर तीन हजार किलोचे तीस हजार तेथेच गेले. एकरी पंचवीस हजार हा हिशेब काही फुगवलेला नाही. सव्वा लाख वजा केले की उरले १,१८,३००. महिन्याला दहा हजारांस दीडशे कमी. यात घरच्या बाईचे वर्षभराचे राबणे आणि पोराने काढलेली रात्रीची जागल फुकट धरली आहे. देशभरच्या शेतकरी घरांची २०१८-१९ साली सरकारने पाहणी केली, तेव्हा महिन्याची सरासरी मिळकत १०,२१८ रुपये निघाली होती. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. शेतकरी म्हणवणारा मनुष्य शेतीपेक्षा मजुरीवर अधिक जगतो, हे सरकारनेच लिहून ठेवले आहे. तिकडे २०१६ पासून केंद्र सरकारच्या शिपायाचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये झाले, महागाई भत्ता वेगळा. आम्ही त्या शिपायाचा हेवा करीत नाही. त्याचे पोट भरावे आणि आमचेही भरावे, एवढेच म्हणणे आहे.

याच हिशेबाने ८ लाख रुपये उरवायचे, तर चौतीस एकर कोरडवाहू कपाशी लागेल. कमाल जमीन धारणेच्या कायद्याने कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर. तेव्हा कापसावर श्रीमंत व्हावयाचे तर मर्यादेच्या जवळपास दोनतृतीयांश जमीन एका घराकडे पाहिजे. आमच्या वाचकांपैकी किती जणांकडे ती आहे, हे ते आपापल्या सात-बाऱ्यावरून जाणतात. सुतार-लोहारांच्या घरी तर सात-बाराच नाही, त्यामुळे पीककर्जाचीही वाट बंद. २०२३ साली विश्वकर्मा योजना निघाली, तीत पहिल्यांदा १ लाख व नंतर २ लाख रुपये ५ टक्के व्याजाने मिळण्याची सोय आहे. ती घ्यावी. पण लाकडी वखराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर भात्याजवळ बसलेल्या लोहाराने ते कर्ज फेडावे कशातून, हे योजनेच्या कागदात नाही.

आता आमच्याच तालुक्यातील दुसरे चित्र पाहा. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा येथे सिमेंटचे कारखाने आहेत. कारखान्याच्या वसाहतीत राहणारा कायम नोकरीतील मनुष्य आमच्यापेक्षा चांगला राहतो तो केवळ पगाराचा आकडा मोठा म्हणून नव्हे. त्याचा पगार ठरल्या तारखेस येतो. जुलैत पावसाने दडी मारली म्हणून तो कमी होत नाही. आजारपणात दवाखान्याची सोय असते आणि म्हातारपणासाठी दर महिन्यास काही बाजूला पडते. त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे राबणारा आमचा पोरगा त्याच सिमेंटच्या धुळीत उभा असतो. पण ठेका संपला की त्याचा महिना संपला. दोघांमधले अंतर रुपयांत मोजले तर थोडे भरेल, झोपेत मोजले तर फार. आमच्या मते ज्याच्या घरी एक वाईट साल आले तरी मुद्दलास हात लागत नाही, तो श्रीमंत. आमचे मुद्दल म्हणजे जमीन, बैलजोडी, बायकोच्या अंगावरचे चार मणी आणि पोरांचे शिक्षण. एका वाईट सालात यातले काही ना काही जाते.

मुद्दलाची गोष्ट निघाली म्हणून जमीन विकणाऱ्यांविषयी थोडे बोलणे भाग आहे. खाणी-कारखान्यांसाठी आणि रस्त्यांलगतच्या प्लॉटांसाठी आमच्या भागातील पुष्कळ वावरे गेली. ज्या घराने एकरकमी पन्नास हजार कधी पाहिले नाहीत, त्याच्या खात्यात लाखांचा आकडा पडला की तो मिळकतीसारखा वाटू लागतो. तो मिळकत नव्हे. पाच एकरांचे पन्नास लाख आले असे धरा. ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला एकोणतीस हजार व्याज येते. कापसाच्या जवळजवळ तिप्पट. पण प्रत्यक्षात काय होते? स्लॅबचे घर वीस लाखांचे, दारात चारचाकी बारा लाखांची, मुलीचे लग्न आठ लाखांत. उरले दहा लाख, त्यांचे व्याज महिन्याला अठ्ठावनशे रुपये. चारचाकीत तेल घालावयास ते पुरत नाही. घर मोठे, गाडी मोठी, आणि घरधनी दुसऱ्याच्या धुऱ्यावर रोजाने. गावाने त्यास दोन-तीन वर्षे शेठ म्हटले, एवढीच त्याची कमाई. असे घर आमच्या वाचकांनी पाहिले नसेल असे गाव या पट्ट्यात आम्हांस दाखवावे.

लग्नाचेही तेच. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, तेव्हा भिक्षुकाशिवाय आणि थोडक्या खर्चात लग्ने लावण्याचा प्रघात जोतीरावांनी पाडला. भटजीची दक्षिणा वाचवावी हा त्याचा एक भाग होता. सावकाराच्या दारी जावे लागू नये हा दुसरा. आज भटजीची दक्षिणा सर्व खर्चात सर्वांत लहान रकम आहे! नवे भिक्षुक वेगळेच आहेत: लॉनवाला, डीजेवाला, फोटोवाला आणि त्या सर्वांच्या मागे उभा असलेला फायनान्सवाला. साक्षगंधाला दोनशे पाने, लग्नाला हजार, वर आंदण. चार लाख रुपये लागले, तर वर सांगितलेल्या पाच एकरांच्या तीन वर्षांहून अधिक कमाईची ती राख. त्यांतले दोन लाख २४ टक्के व्याजाने काढले, तर महिन्याला चार हजार नुसते व्याज. महिन्याच्या दहा हजारांतून चार गेले. पुढच्या जूनमध्ये बियाण्यास पैसा नाही. मग पोरीने बारावीनंतर शिकून काय करायचे आहे, असा प्रश्न घरात आपोआप निघतो. आमच्या बंधूंनी हे वाचून रागावू नये. श्रीमंताचे राहणे एका दिवसापुरते भाड्याने आणता येते, पण त्याचे भाडे पोरीच्या शिक्षणातून दिले जाते, एवढेच आम्ही दाखवीत आहो.

आता पुन्हा सरकारी रेघेकडे येऊ, कारण पोरांचे दाखले तिच्यावर अडतात. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने मागासवर्गातील पुढारलेल्यांना वगळा असे सांगितले. १९९३ साली ती मर्यादा १ लाख ठरली. २००४ साली अडीच, २००८ साली साडेचार, २०१३ साली सहा आणि २०१७ साली ८ लाख झाली. पुढे २०१९ च्या जानेवारीत घटनेस १०३ वी दुरुस्ती होऊन, आरक्षण नसलेल्या जातींतील दुर्बळांसाठी १० टक्के जागा ठेवल्या. दुर्बळ कोण? ८ लाखांच्या आत ज्याची मिळकत, तो! एकच आकडा, तेल्याच्या घरी तो श्रीमंतीची सुरुवात, आणि वरच्या जातीच्या घरी गरिबीचा शेवट. सरकारचा खुलासा असा की, दोन्ही मापे वेगळ्या रीतीने लावली जातात. तो खुलासा खोटा नाही. दहा टक्क्यांच्या हिशेबात पगार, शेती, धंदा सर्व एकत्र मोजतात, आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे पाच एकर वा त्याहून अधिक शेती असेल तर मिळकत कितीही कमी असो, सवलत नाही. आमच्याकडे शेतीचे उत्पन्न त्या ८ लाखांत धरीत नाहीत. तरीही आमचे म्हणणे कायम आहे. वर्षाला ८ लाख मिळवणारे घर खेड्यातल्या वरच्या पाच टक्क्यांच्याही पुढे जाते. त्यास दुर्बळ म्हणावयाचे आणि वीस हजारांवर राबणाऱ्याच्या शेजारी बसवावयाचे, हा न्याय २०२२ साली न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी मान्य केला असला, तरी आमच्या गळी उतरत नाही.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना स्वतःकडेही पाहावे. २०२४ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आमची मर्यादा १५ लाख करावी अशी शिफारस केंद्राकडे केली आणि आमच्यातल्या पुढाऱ्यांनी हार घालून घेतले. त्यात कोरपन्याच्या शेतकऱ्याचा लाभ काय? शेतीचे उत्पन्न मोजलेच जात नाही, तेव्हा त्याचा पोरगा ८ लाखांच्या रेघेनेही अडत नव्हता. लाभ झाला तर नागपूर-पुण्यातील आमच्याच जातीच्या ठेकेदारास आणि व्यापाऱ्यास. वर दिलेल्या हिशेबाने शहरात १५ लाखांचे घर वरच्या पाच टक्क्यांत बसते. महागाई वाढली, मर्यादा काही वाढावी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शिकवणीस लाख रुपये मोजणाऱ्या घरचा मुलगा आणि आवारपूरच्या ठेका मजुराची मुलगी एकाच जागेसाठी एकाच रांगेत उभी करावयाची असेल, तर परक्यांच्या ८ लाखांस नावे ठेवण्याचा आमचा अधिकार किती उरतो? बहुजनांतही आता श्रीमंत झाले आहेत. ते व्हावेत म्हणूनच ही चळवळ होती. मात्र त्यांनी गरिबाच्या कागदावर आपले नाव लिहू नये.

तोवर दाखला काढणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस एक सांगणे. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला घेताना शेतीची आणि इतर मिळकत वेगवेगळी लिहिली आहे की नाही, ते वाचून पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचवून घ्या. दोन्ही एकत्र मिसळून लिहिली असतील तर तेथेच दुरुस्ती मागा. प्रवेशाच्या घाईत पुढे कोणी ऐकत नाही.