गव्याचा फोटो आणि तीन नऊवारी

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या वन्संनी अमेरिकेहून एक फोटो पाठवला. यलोस्टोनच्या जंगलातला. उघड्या, खडकाळ उतारावर एक रानमेंढा उभा आणि त्याची शिंगं ही अशी गरगरीत वळलेली! तिकडे त्याला ‘बिगहॉर्न’ म्हणतात. आमच्या घरात तेव्हा फराळाची धांदल चाललेली. सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, “अगंबाई, कानांवर दोन चकल्या ठेवल्यासारखा दिसतोय की गं!”

वन्संनी बरोबर लिहिलं होतं की तिथे या मेंढ्यांपासून, हरणांपासून, बायसनपासून निदान पंचवीस वार लांब राहायचं असा नियमच आहे. अस्वल आणि लांडगा असेल तर शंभर वार. पंचवीस वार म्हणजे किती, तर तीन नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरली की दोनच वार जास्त भरतात. हा हिशेब मी तेव्हा हसत हसत केला. त्याची आठवण पुढे मला चांगलीच व्हायची होती.

फोटो पाहून मनात आलं, अमेरिका कशाला? आपल्या कोल्हापूरला काय कमी आहे? दाजीपूरला गवे आहेत! इथून ऐंशी किलोमीटरवर, राधानगरीच्या पुढे, फोंडा घाटाच्या रस्त्याला. शाहू महाराजांचं हे शिकारीचं जंगल. 1958 साली ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. 1985 मध्ये त्याची हद्द वाढवली आणि आता ते साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपण कौतुकानं त्याला ‘बायसनचं जंगल’ म्हणतो, पण गवा काही बायसन नव्हे. तो आपल्या गाईबैलांचाच रानातला थोर भाऊबंद. पुरा वाढलेला नर खांद्याशी सहा फुटांच्या आसपास उंच भरतो आणि वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकतं. एवढा देह, आणि पायात मात्र गुडघ्यापर्यंत शाळेतल्या मुलासारखे पांढरे मोजे!

शाळेतल्या माझ्या अर्धवेळ नोकरीच्या पगारातून साठवून मी एक कॅमेरा घेतलेला आहे. लांबचं जवळ दिसेल अशी तीनशे मिलिमीटरची लेन्सही त्याला आहे. तोवर त्याचा उपयोग काय, तर हळदीकुंकू, शाळेचं स्नेहसंमेलन आणि पुतण्याची मुंज. तेव्हा पुढच्या मे महिन्यात ह्यांना आणि मुलांना घेऊन मी दाजीपूर गाठलं. गावातली जीप घेतली, बरोबर साठीचे एक वाटाडे काका.

दुपारचे चार वाजले असतील. उन्हाळ्यात गवे भर दुपारी दाट सावलीत रवंथ करत बसतात आणि ऊन उतरलं की पाण्यावर येतात. झाडीच्या कडेला काहीतरी काळं हललं. मग एक, दोन, तीन करता करता आठ-नऊ गवे बाहेर आले. पुढे एक वयस्कर गाय आणि मागे सोनेरी-तपकिरी रंगाचं एवढंसं वासरू. काकांनी लांबच गाडी थांबवायला सांगितली.

आता मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर तिथूनही फोटो आला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे तो मेंढ्याचा फोटो. मला चेहरा हवा होता, शिंगं हवी होती. मी म्हटलं, “काका, थोडं पुढे घ्या ना.”

“वैनी, हितनंच काढा. पाण्यावर आल्यात ती.”

“थोडंसंच हो.”

काका काही बोलले नाहीत. ड्रायव्हरनं गाडी घेतली पुढे. मी पुन्हा म्हटलं, “अजून जरा.” असं तीनदा. त्या पुढच्या गाईनं मान वर केली, कान आमच्याकडे वळवले आणि ती सरळ माझ्याकडे बघत राहिली. मी खटाखट दहा-बारा फोटो काढले. मग तिनं नाकातून जोरात ‘फुस्स’ केलं आणि सगळा कळप वळून झाडीत घुसला. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. पाण्याला एकाचंही तोंड लागलं नव्हतं.

काका हळूच म्हणाले, “आता अंधार पडस्तवर येत न्हाईत. तान्हं वासरू हुतं त्यात.”

मुलं मागच्या सीटवर “आई, दाखव, दाखव” करत होती. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. मेमधलं ते ऊन, अंगावर पिणारं पोर, आणि आई पाण्यापर्यंत येऊन तशीच माघारी गेलेली. आपणही आया आहोत, मला वेगळं काही सांगायला नको. गंमत म्हणजे याच काकांच्या भावाचा ऊस गव्यांनी दोनदा तुडवला होता. त्यांनी ते परतीच्या वाटेवर सांगितलं. तक्रार करायला त्यांना जागा होती, पण जनावराला पाणी पिऊ द्यावं हे त्यांना कळत होतं. आणि बी.ए. झालेल्या मला नाही!

फोटो मात्र आला उत्तम. शाळेत तो फलकावर लागला, सगळ्यांनी वाहवा केली. मला तो बघवत नसे. तिचे ते ताठ कान, वर उचललेली मान. पुढे वाचनात आलं आणि नीट समजलं, की जनावर कॅमेऱ्याकडे रोखून बघतंय याचा अर्थ बहुधा हाच, की आपण त्याचं चरणं-पिणं मोडलेलं आहे. गवा नर आडवा उभा राहून आपली पाठ आणि वशिंड दाखवू लागला, तर तो फोटोसाठी उभा राहिला असं समजू नये. ती त्याची ताकीद असते.

फलकासमोर उभा राहून सातवीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, पुण्यातल्या गव्याचा व्हिडिओ बघितलाय मी!” तो गवा तुम्हालाही आठवत असेल. 9 डिसेंबर 2020 ला कोथरूडच्या वस्तीत वाट चुकून आलेला. माणसं मोबाइल उंच धरून त्याच्या मागे धावत होती आणि तो बिचारा भिंतींना, फाटकांना धडका देत पळत होता. बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. पुढच्या वर्षी, 2021 च्या डिसेंबरात, आपल्या कोल्हापूरच्या वेशीवरही गवा फिरत होता. त्या वेळी शहराजवळच्या एका गावात तरुण मुलाचा जीव गेला. म्हणजे जवळ जाण्याची किंमत कधी जनावर देतं, कधी माणूस. त्या मुलाला मी काय उत्तर देणार? माझा स्वतःचाच फोटो त्याच्या पाठीमागे लटकत होता. मी तो दुसऱ्या दिवशी काढून घेतला.

त्यानंतर मी फेब्रुवारीत पुन्हा गेले. पावसाळ्यात जंगल बंद असतं, मेमध्ये पाण्याची टंचाई, म्हणून मुद्दाम थंडी सरता सरता. या वेळी चेहऱ्याचा हट्ट घरी ठेवून गेले. ठरवलं की गवा जिथे राहतो ती जागा फोटोत आली पाहिजे.

तयारी मात्र जोरदार केली. लांबची लेन्स हातात धरली की हात कापतो आणि फोटो पुसट येतो. त्यावर उपाय म्हणून ह्यांच्या जुन्या जाड पॅंटचा एक पाय कापला, एक तोंड शिवलं, आत किलोभर ज्वारी भरली आणि दुसरं तोंड दुहेरी टीप मारून बंद केलं. ही उशी जीपच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की ती कशी घट्ट बसते! मात्र गाडीचं इंजिन बंद हवं, नाहीतर गाडीची थरथर फोटोत उतरते. (घरी आल्यावर ती ज्वारी दळून भाकरी केल्या, वाया काही गेलं नाही.) कपडे मातकट आणि हिरवट. गव्याचं नाक फार तिखट, म्हणून अत्तर, सुवासिक पावडर, गजरा काही नको. हातातल्या काचेच्या बांगड्यांवर मी रुमाल गुंडाळला. वारा कुठून वाहतो ते चिमूटभर माती सोडून बघायचं आणि वारा आपल्याकडे येईल असं थांबायचं, हे काकांनी शिकवलं. हो, तेच काका. त्यांनी मला ओळखलं, पण मागचं काढलं नाही.

काळ्या गव्याच्या फोटोची एक खोड आहे, ती सांगते. संक्रांतीला आपण काळी चंद्रकळा नेसून फोटो काढतो आणि साडी राखाडी दिसते, हा अनुभव आहे ना? कॅमेऱ्याला समोर नुसतं काळं दिसलं की त्याला वाटतं, अंधार आहे. मग तो बिचारा उजेड वाढवतो. गव्याचंही तेच होतं, अंग धुरकट आणि पायातले पांढरे मोजे, कपाळावरचा राखी पट्टा जळून गेल्यासारखे. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं बटण असतं, ते उणे एकवर आणायचं. मोबाइल असेल तर पडद्यावर गव्यावर बोट ठेवावं आणि बाजूला उजेडाचं चिन्ह आलं तर ते खाली ओढावं. आणि मोबाइलवर चित्र ताणून जवळ आणू नये, नुसते ठिपके दिसतात. त्यापेक्षा सगळं रान येऊ द्यावं.

पहाटे गारठ्यात निघालो आणि सावराईच्या सड्याच्या अलीकडे थांबलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्यावर वाळलेलं पिवळं गवत, कडेनं गर्द रान. इंजिन बंद. गवे होते ते माझ्या तीन नऊवारींच्या चौपट-पाचपट लांब. चाळीस मिनिटं आम्ही बसलो. धाकट्यानं दोन लाडू संपवले पण आवाज केला नाही, हे विशेष. गवे चरत होते, शेपट्या हलवत होते, एक वासरू आईला ढुसण्या देत दूध पीत होतं. एकानंही आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही. उन्हं आली, कोकणाच्या बाजूचं धुकं फाटलं आणि ते आपल्या पायांनी, सावकाश, रानात गेले.

आल्यावर पहिलं काम म्हणजे कॅमेरा मऊ ब्रशनं झाडून घेतला. जांभ्याची तांबडी धूळ लेन्सवर कापडानं पुसली तर चरे पडतात. आणि एक, आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या पर्सेसमध्ये सापडतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

फेब्रुवारीतला तो फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला आहे. येणारी माणसं आधी गवत बघतात, मग रान, मग विचारतात, “यात गवा कुठाय?” मी बोटानं दाखवते. मी सात मोजले होते. परवा सासूबाई दुपारच्या वेळी चष्मा लावून बराच वेळ फोटोजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, “सात नव्हेत गं, आठ आहेत. हे बघ, त्या कारवीच्या जाळीत एक बसलंय.”