सांदणला निघण्याआधी घड्याळ पाहा

परीक्षा संपल्या की सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या मराठी घरांत सुट्टीचे बेत सुरू होतात. बहुतेकांचा बेत गावाकडचा, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारचा असतो. त्याच्या जोडीला आता तरुणांचा सह्याद्रीतल्या ट्रेकचा बेतही असतो. जुलै २०२५ मध्ये साल्हेरसह बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि डांगच्या सीमेला टेकलेला साल्हेर सुरतकरांना आणखी जवळचा वाटू लागला. भंडारदऱ्याजवळची सांदण दरी तर चित्रफितींमुळे घराघरांत पोचली आहे. ही हौस चांगली आहे, ती वाढावी. पण एप्रिल-मेच्या उन्हात अशा वाटांवर जाताना तयारी म्हणजे बूट, सॅक आणि पाण्याच्या बाटल्या एवढेच समजले जाते, ते मला धोक्याचे वाटते. उन्हातल्या दरीची खरी तयारी वेळेची असते. किती वाजता पाऊल टाकायचे, किती वाजता मागे वळायचे आणि आदल्या रात्री किती झोपायचे, हे ठरलेले नसेल तर सॅकमधल्या कुठल्याही वस्तूने ती उणीव भरून निघत नाही.

सांदणची रचना आधी समजून घ्यायला हवी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ पठाराला उभी भेग पडावी तशी ही घळ आहे. दोन्ही बाजूंना बसाल्टच्या सरळसोट भिंती, मध्ये काही ठिकाणी दोन माणसे जेमतेम शेजारी चालतील एवढी जागा आणि पायाखाली धोंड्यांचा खच. भिंती उंच असल्यामुळे ऊन तळापर्यंत फार थोडा वेळ येते. सकाळी आत शिरणाऱ्याला तिथे गारवाच लागतो आणि फसगत होते ती इथेच. पुढे दोर लावून उतरायचे कातळटप्पे येतात, घळ संपते आणि माणूस कोकणाच्या अंगाला, उघड्यावर, तापलेल्या दगडांत येऊन पडतो. शंभर मीटर उतरले की हवा साधारण अर्ध्या ते एका अंशाने तापते, म्हणजे वाट जसजशी खाली जाते तसतसा उन्हाळा वाढत जातो. कोकणच्या बाजूची हवा दमट, त्यात दरीच्या तोंडाशी वारा पडलेला. नाशिकमार्गे आलेल्या सुरतकरांची गाडी तर वर साम्रदलाच उभी असते. एका दिवसात परतायचे असेल तर करोली घाटाने चढून येण्यावाचून गत्यंतर नाही. डोंगरावर चढताना दमलेला माणूस निदान खाली वळू शकतो. दरीत दमलेल्या माणसापुढे चढच उरलेला असतो, आणि तोही दुपारचा.

हीच रचना कितीतरी मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये आहे. तिथे दक्षिण काठापासून नदीपर्यंत सुमारे १,३०० मीटरचा उतार आहे आणि उन्हाळ्यात तळाशी सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो. तिथली राष्ट्रीय उद्यान सेवा पर्यटकांना उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालू नका असे सांगते. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्नही करू नका, असा इशारा देते. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा, हा तिथला साधा हिशेब आहे. १९९६ च्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर तिथे वाटेवरच लोकांना थांबवून विचारपूस करणारी, गरज पडल्यास परत पाठवणारी यंत्रणा १९९७ पासून उभी राहिली. बचावासाठी खाली धावण्यापेक्षा माणसाला वरच थांबवणे सोपे, हे त्या व्यवस्थेने अनुभवातून ओळखले. आणि शरीर कसलेले आहे एवढ्यावर भागत नाही, हेही तिथे दिसले आहे. जुलै २००४ मध्ये त्या दरीत उन्हाने प्राण गमावलेली २४ वर्षांची तरुणी बॉस्टन मॅरेथॉन धावलेली होती.

असे का होते, याचे उत्तर शरीराच्या जमाखर्चात आहे. चढताना आपण जी ऊर्जा जाळतो तिचा फार तर चौथा हिस्सा स्नायूंच्या कामी येतो, उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हवा दमट आणि वारा पडलेला असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेल्या घामाने पाणी जाते, थंडावा मात्र मिळत नाही. कडक उन्हात खड्या चढावर तासाला एक-दीड लिटर घाम सहज जातो. आतडी तासाला साधारण एक लिटरच पाणी शोषू शकतात. म्हणजे बाटल्या भरलेल्या असल्या तरी शरीर तुटीत जाऊ शकते. त्यात पाण्याचे वजन आहेच. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि ते वाहून नेण्याची उष्णता पुन्हा अंगातच तयार होते. म्हणून पाणी जास्त घ्या एवढा सल्ला अपुरा आहे. पाणी भरपूर घ्यावेच, पण त्याच्या भरवशावर दुपारचा चढ अंगावर घेऊ नये.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण जीव लावून काळजी घेणारी माणसेच इथे चुकतात. तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम विरळ होते. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो, आणि ही लक्षणे उन्हाची समजून त्याला आणखी पाणी पाजले जाते. घामातून मीठ जाते, ते परत मिळाले पाहिजे. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी सांगितलेल्या पाण्यातच मिसळावी, अंदाजाने नाही. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, मीठ घातलेले कैरीचे पन्हे, लिंबू सरबत, सोबत चिवडा किंवा शेंगदाणे, हे आपले जुने खाणेपिणे याच कामाचे आहे. खिशातल्या कांद्याने मात्र ऊन अडत नाही. कांदा जवळ ठेवला म्हणून निर्धास्त होणारा माणूस अधिक धोक्यात असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आम्ही सुरतचे, मूळचे खानदेशचे, आम्हाला उन्हाचे काय? यात काही तथ्य आहे. शेडमध्ये बारा-बारा तास लूमवर उभा राहणारा कामगार वातानुकूलित खोलीत हिरे घासणाऱ्यापेक्षा किंवा कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा उष्णतेला जास्त सरावलेला असतो. पण उष्णतेची सवय शहराच्या नावाने मिळत नाही. ती त्या त्या शरीराला, उन्हात श्रम करूनच होते. रोज तासभर उन्हात अंगमेहनत केली तर साधारण एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयाचे ठोके आटोक्यात राहतात. आणि सराव सुटला की हा फायदा काही आठवड्यांत ओसरतो. त्यामुळे ट्रेकच्या आधीचे पंधरा दिवस संध्याकाळी पाच वाजता पाठीवर ओझे घेऊन तापीकाठी चाललेला माणूस खरा तयार. लहानपणी भुसावळच्या उन्हात खेळलेला, पण आता दिवसभर थंड हवेत बसणारा माणूस तयार नाही. शिवाय ऊन फक्त पाऱ्यावर मोजू नये. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. काळ्या कातळाच्या घळीबाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला सोसावा लागतो तो ताप त्याहून कितीतरी जास्त. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. सुरतकराला तो आकडा नवा नाही. त्या दिवशी उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा मृत्यू झाला. ती माणसे डोंगर चढत नव्हती.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मी आदरानेच घेतो. महाराजांच्या मावळ्यांनी याच वाटा तुडवल्या, मग आपण उन्हाला का भ्यायचे? तारखा पाहा. सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, दुसरी ऑक्टोबर १६७० ची. साल्हेर स्वराज्यात आला जानेवारी १६७१ मध्ये आणि त्याच्या पायथ्याची प्रसिद्ध लढाई झाली फेब्रुवारी १६७२ मध्ये. सिंहगडाची चढाई फेब्रुवारीतली आणि तीही रात्रीची. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि पावसाळ्याआधी मोहीम आवरायची, हा तेव्हाचा रिवाज होता. त्यामागे चारा, नद्यांचे उतार, शेतीची कामे अशी कारणे होती, ऊन हे एकमेव कारण नव्हते. अपवादही दाखवता येतील. पण मोहिमेचा मुहूर्त ऋतू पाहून ठरवणारे सैन्य हे आपले पूर्वज, हे विसरून त्यांच्या नावाने मेच्या दुपारी कडा चढण्यात त्यांचा कसला सन्मान? आजही साम्रदचा किंवा साल्हेरवाडीचा माणूस मेमध्ये डोंगरात जातो तेव्हा उजाडायच्या आत निघतो आणि दुपारी सावली सोडत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात खरा आहे. मुलांना सुट्टी मेमध्येच, कामगाराला रजा मिळते ती दोन दिवसांची, मग जायचे तरी कधी? हिवाळ्यातला एखादा शनिवार-रविवार काढता आला तर उत्तमच, पण तो ज्याला शक्य नाही त्याला घरी बसा असे सांगणे अन्यायाचे आहे. इथे बदलायचा आहे तो प्रवासाचा साचा. शनिवारी रात्री सुरतेहून बस, रात्रभर अवघडून जागरण, सकाळी आठ-नऊला साम्रद, चहा-पोहे, ओळखपरेड आणि दहाला दरीत पाऊल. म्हणजे परतीचा चढ बरोबर भर दुपारी. रविवारी रात्री पुन्हा बस, सोमवारी काम. हे वेळापत्रक सोयीचे आहे, पण घातकही आहे. झोप न झालेल्या शरीराला उष्माघाताचा धोका जास्त असतो, हे सैनिक आणि खेळाडू यांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने वारंवार नोंदवले आहे. त्यापेक्षा शनिवारी दिवसा निघावे, रात्री साम्रदलाच कुणाच्या घरी जेवून झोपावे, पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात घळीकडे निघावे. एप्रिल-मेमध्ये पहिल्या दोराच्या टप्प्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने दहाच्या आत गावात परतावे. घळीचे सगळे सौंदर्य त्याच भागात आहे, पूर्ण उतरून करोली घाटाने चढण्याचा बेत डिसेंबरसाठी ठेवावा. साल्हेरलाही हेच लागू आहे. १,५६७ मीटर उंचीच्या या गडावर परशुरामाच्या मंदिरापाशी सूर्योदय पाहायचा आणि ऊन चढायच्या आत खाली यायचे, हा मेमधलासुद्धा सुंदर ट्रेक आहे. त्यात गावकऱ्यांना मुक्कामाचे चार पैसेही मिळतात.

मागे वळण्याची वेळ मात्र घरीच ठरली पाहिजे आणि सगळ्यांना माहीत असली पाहिजे. तापलेल्या, दमलेल्या डोक्याला तो निर्णय नीट घेता येत नाही, आणि गटात सर्वात आधी त्रास होणारा माणूस संकोचाने गप्प राहतो. कुणी अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, विचारलेल्याला भलतेच उत्तर दिले, तर तो थकवा समजू नये. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग कोरडे पडतेच असे नाही, माणूस घामाने चिंब असतानाही आत चाळीस अंशांवर तापलेला असू शकतो. अशा वेळी आधी थंड करायचे आणि मग हलवायचे. सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी डोक्यावर, मानेवर, अंगावर ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. १०८ ला फोन जरूर करा, पण रुग्णवाहिका गावापर्यंत येते, घळीत उतरत नाही, आणि कातळाच्या भिंतींमध्ये मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नसते. दोरावरून उतरलेल्या बेशुद्ध माणसाला वर आणायला कित्येक तास लागतात. उष्माघातात पहिला अर्धा तासच निर्णायक असतो.

सुरतेतून आणि नाशिकहून ट्रेक नेणाऱ्या संस्थांना म्हणूनच माझी विनंती आहे. मार्च ते जूनच्या प्रत्येक जाहिरातीत निघण्याच्या वेळेसोबत वळण्याची वेळ छापा. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला तर ट्रेक रद्द होईल आणि पैसे परत मिळतील, हे आधीच लिहून द्या. आणि पैसे भरण्यापूर्वी वाचकांनी एकच प्रश्न विचारावा: दुपारी बारा वाजता आम्ही कुठे असू? उत्तर ‘चढावर’ असेल, तर नाव नोंदवू नका.