निन्टेन्डोचं मशीन आपटलं, त्यातून स्विच आला, पण पुण्यात बनलेली ‘राजी’ पुणेकरांना त्यावर सरळ मिळाली नाही

पुण्याहून सुटलेली लोणावळा लोकल. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करत गाडी तळेगावला पोहोचते तोवर डब्यातली अर्धी पोरं मोबाइल आडवा धरून बसलेली असतात. कुणी बीजीएमआय खेळतंय, कुणी फ्री फायर, कोपऱ्यात चौघांचा लुडो चाललाय. कामशेत-मळवलीच्या पट्ट्यात नेट गेलं की शिव्या ऐकू येतात.

याच डब्यात कुणी निन्टेन्डो स्विच काढला, तर शेजारचा हमखास विचारणार, “हे काय आहे?”

गंमत अशी की स्विच बनला तो अशाच प्रवासासाठी. घरी टीव्हीला जोडायचा, बाहेर पडताना उचलून बॅगेत टाकायचा. आणि पुण्यात बनलेली एक गेम जगात सगळ्यात आधी आली ती याच स्विचवर. पण हे समजून घ्यायचं तर आधी निन्टेन्डोच्या एका आपटलेल्या मशीनकडे जावं लागतं.

त्या मशीनचं नाव वी यू.

निन्टेन्डोचा वी हा कन्सोल २००६ मध्ये आला आणि त्याने बाजार मारला. १० कोटींहून जास्त विक्री झाली. मग नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने पुढचा कन्सोल आणला आणि नाव ठेवलं वी यू. इथेच पहिली माती खाल्ली. अनेकांना वाटलं, हा जुन्या वीला जोडायचा एखादा भाग असेल. जाहिरातीतही मुख्य डब्यापेक्षा हातातला स्क्रीनवाला गेमपॅडच जास्त दिसायचा. ज्याच्या घरी वी आहे, तो कशाला परत पैसे घालेल?

आता तो गेमपॅड. ६.२ इंचाचा टचस्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. टीव्हीवर दुसरं कुणी बातम्या बघत असलं तर तुम्ही हातातल्या स्क्रीनवर गेम चालू ठेवू शकत होतात. कल्पना एक नंबर. पण गेमपॅडमध्ये स्वतःची गेम चालवण्याची ताकद नव्हती. गेम चालायची टीव्हीखालच्या डब्यात, गेमपॅडवर फक्त चित्र यायचं आणि तेही काही मीटरच्या आत. म्हणजे तो घेऊन लोणावळा लोकल पकडली असती, तर शिवाजीनगर सोडाच, घराचा जिना उतरतानाच स्क्रीन बंद पडला असता. लोकांना हवं होतं ते मशीन जवळजवळ बनलं होतं, फक्त ते घराबाहेर नेता येत नव्हतं.

विक्री मंदावली आणि बाहेरच्या गेम कंपन्या सटकल्या. युबिसॉफ्टने ‘रेमन लेजंड्स’ आधी फक्त वी यूसाठी ठेवली होती, ती २०१३ मध्ये बाकीच्या कन्सोलवरही आणली. ईएने त्याच वर्षी हात आखडता घेतला. कन्सोलच्या धंद्यात हे चक्र फार वाईट असतं. मशीन विकलं जात नाही म्हणून गेम येत नाहीत, गेम येत नाहीत म्हणून मशीन विकलं जात नाही. जानेवारी २०१४ मध्ये निन्टेन्डोने वर्षाच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून थेट २८ लाखांवर आणला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला. शेवटी वी यूचा हिशोब थांबला सुमारे १ कोटी ३६ लाखांवर.

गेम्स मात्र भारी होत्या. ‘मारिओ कार्ट ८’ वी यूवर साधारण ८५ लाख विकली गेली. तीच गेम थोडी सजवून २०१७ मध्ये स्विचवर आली आणि ६ कोटींच्या पुढे गेली. ‘डाँकी काँग’, ‘मारिओ थ्रीडी वर्ल्ड’ अशा बऱ्याच गेम्सना असाच दुसरा जन्म मिळाला. गेम तीच, फक्त मशीन आता घराबाहेर नेता येत होतं. ३ मार्च २०१७ ला आलेल्या स्विचने १५ कोटींचा टप्पा ओलांडला. वी यूचा गेमपॅड डब्यापासून सुटा केला की काय होतं, त्याचं हे उत्तर. इवाता ते बघायला नव्हते, २०१५ मध्येच ते गेले.

स्विच चालल्यावर छोट्या स्टुडिओंना मोठं दुकान मिळालं. त्यातलाच एक पुण्याचा नॉडिंग हेड्स गेम्स.

श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये हा स्टुडिओ उभा केला. गेमचं नाव ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’. सर्कशीत वाढलेली राजी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला शोधत निघते, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर पहाडी शैलीतली चित्रं, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी उलगडणारे. पैसे उभे करायला किकस्टार्टरवर मोहीम काढली, ती फसली. स्टुडिओ चालू ठेवायला फ्लॅट विकावा लागला, असं संस्थापकांच्या मुलाखतींमधून समोर आलं. पुण्यात फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या ऑनलाइन कार्यक्रमात ‘राजी’ झळकली आणि त्याच दिवशी स्विचवर विक्रीला आली. वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळालं.

मग अडचण काय? निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे आणलाच नव्हता. इथे तो मिळायचा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून, वाढीव भावात आणि कंपनीच्या वॉरंटीशिवाय. निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात भारताचा पर्यायच नव्हता, त्यामुळे खातं दुसऱ्या देशाच्या नावाने काढायचं आणि पैसे परदेशी चलनात भरायचे. ज्या शहरात गेम बनली, तिथल्या पोराला ती रुपयात सरळ विकत घेता येईना. ऑक्टोबर २०२० मध्ये ती पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आली तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. पुढे नेटफ्लिक्समुळे मोबाइलवरही आली, म्हणजे त्या लोकलच्या डब्यात.

हे आज काढायचं कारण म्हणजे राज्य सरकारचं धोरण. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. त्याच्या महिनाभर आधी केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला होता. त्यामुळे ‘गेमिंग’ म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर जुगार येतो, ‘राजी’सारखं काम येत नाही.

धोरणाचा भर स्टुडिओ, पार्क, प्रशिक्षण आणि रोजगारावर आहे, आणि ते हवंच. पण वी यूच्या बाबतीत मशीन तयार होतं, गेम्सही होत्या, कमी पडलं ते गिऱ्हाईक. आपल्याकडे कन्सोलचा गिऱ्हाईक मुळातच मोजका. म्हणून पुण्यातल्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ आणली ती मोबाइलवर, कारण लोक तिथेच आहेत. कन्सोलसाठी गेम करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून परदेशी ग्राहक, परदेशी प्रकाशक आणि परदेशी दुकान धरूनच हिशोब मांडावा लागतो. तो हिशोब चुकला तर फ्लॅट विकायची वेळ पुन्हा येऊ शकते, मग तळेगावात कितीही मोठा पार्क उभारा.

नॉडिंग हेड्सने तरीही दुसरी मोठी गेम हातात घेतली आहे. ‘राजी: कलियुग’ची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली, आणि या वेळी मंच निन्टेन्डोचा नव्हता, भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या एक्सबॉक्सचा होता.