टाकीचे घाव आणि दगड

यंदा आपल्या मराठी वर्गात मोठ्या मुलांना निबंधाला विषय दिला होता, 'संकटांनी आम्हांला काय शिकवले'. अकरा वह्या माझ्याकडे तपासायला आल्या. शुद्धलेखनाबद्दल इथे काही बोलत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची लढाई मी अलिबाग तालुक्यातल्या शाळेतही पुरती जिंकले नव्हते, मग हिब्रू शाळेत वाढलेल्या मुलांशी ती काय लढणार! पण अकरापैकी सात वह्यांत एकच म्हण होती: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मुलांनी ती आजी-आजोबांना विचारून लिहिली, हे उघड आहे. सातही निबंधांचा शेवट एकसारखाच होता: आजी-आजोबांनी खूप हाल काढले, त्या हालांनी त्यांना मोठे केले, म्हणून आपणही संकटाचे स्वागत करावे.

म्हण आपली आहे. आपल्यात मूर्ती नाही आणि तिचे देवपणही नाही, तरी भाषा आपली म्हणून म्हणही आपली. परंतु तिच्यातून मुलांनी जो अर्थ काढला तो मला पटत नाही, आणि का पटत नाही हे पालकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

टाकी पाथरवटाच्या हातात असते. कुठे किती घाव घालायचा हे त्याला ठाऊक असते. आमच्या आईवडिलांवर जे घाव पडले त्यांच्यामागे असा कोणी जाणता हात होता, असे मला दिसले नाही. दुसरे असे की जो दगड घावाने फुटतो त्याची खडी होते आणि ती रस्त्यावर पसरतात. ती खडी निबंधात येत नाही. जे उभे राहिले त्यांनाच आपण विचारतो, आणि ते म्हणतात, हालांनी आम्हांला घडवले. उरलेल्यांना विचारायला कोण जातो?

आपल्या समाजाची पहिली गोष्टच पाहा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, हे मुलांना पाठ आहे. पण त्या गोष्टीत काय नाही, याकडे कोणी लक्ष देत नाही. जहाज का फुटले, बुडालेल्यांचा काय अपराध होता, वाचलेल्यांचे काय पुण्य होते, याबद्दल गोष्टीत चकार शब्द नाही. गोष्ट सांगते ती एवढीच की वाचलेल्यांनी वाहून आलेली प्रेते पुरली, मग गावात आसरा घेतला आणि तेलाचा घाणा धरला. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. राहिले शेमा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवार. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आधी मुडदे पुरले, मग काम. मला ही गोष्ट फार प्रामाणिक वाटते. तिने समुद्राचे आभार मानलेले नाहीत.

आता जवळचे सांगते. १९७२ साली आम्ही दिमोन्याला आलो तेव्हा माझी आई चव्वेचाळीस वर्षांची होती. ती सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होती. आमच्या गावात तिला मान होता तो त्या सातवीमुळे. ज्यांचे नवरे मुंबईला गिरणीत, अशा आगरी-कोळी बायका दुपारी आमच्या ओटीवर येऊन तिच्याकडून पत्रे लिहून घेत. मनीऑर्डरीच्या कुपनावरचा मजकूर ती वाचून दाखवी. कोणाच्या घरात काय चालले आहे हे तिला सर्वांच्या आधी कळे, आणि ती ते कोणाला सांगत नसे. म्हणूनच तिच्यावर विश्वास होता.

दिमोन्यात ती एका दिवसात अडाणी झाली. दुकानातला डबा चित्र पाहून घ्यायचा. बसचा नंबर कळे, पाटी कळत नसे. ती ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून बस ओळखायची. कापडाच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात तिला काम लागले, बहुधा रात्रपाळी. पगाराच्या चिठ्ठीवर अंगठा उठवायची वेळ आली नाही, कारण सही तिने मराठीत केली. पण ती सही कोणाला वाचता येत नव्हती. आठ वर्षे ती घराबाहेर फारशी बोललीच नाही. या आठ वर्षांनी तिला काय दिले, असे कोणी विचारले तर खरे उत्तर एकच आहे: पाठदुखी दिली.

पुढे काय झाले ते ऐका. त्या काळी सैन्यातल्या मुलींना शिक्षिका म्हणून अशा गावांत पाठवत. मोठ्या वयाच्या बायकांना घरी जाऊन लिहायला-वाचायला शिकवायचे, ही त्यांची नोकरी. तशी एकोणीस वर्षांची एक मुलगी आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येऊ लागली. गणवेश अंगावर, हातात वही. आई तिला आधी घावन खायला घाली आणि मग धड्याला बसे. शेजारची मोरोक्कोची बाई, जिला स्वतःला कोणतीच लिपी येत नव्हती, ती तेवढा वेळ माझी मुले सांभाळी, कारण मी कामावर असे आणि मुले आईजवळ असत. दोन वर्षे हे चालले. आई चोपन्न वर्षांची असताना बसथांब्यावर उभी राहून तिने 'बेएर शेवा' ही पाटी मोठ्याने वाचली. लोक वळून पाहू लागले, आणि तिला त्याचे काही वाटले नाही.

त्यानंतर कोकणातून नवीन आलेल्या बायका आमच्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या. दवाखान्याचा कागद, शाळेची चिठ्ठी, घराचा फॉर्म. आई चष्मा लावून वाचे आणि लिहून देई. ओटी गेली होती, तिची जागा फॉर्मायकाच्या टेबलाने घेतली. मला विचाराल तर आईची वाढ झाली ती इथे. हिब्रूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, ही गंमत ती नव्या बाईला पहिल्यांदा सांगे, म्हणजे ती बाई हसे आणि तिची भीती जाई.

परंतु गोष्ट इथे संपवली तर ती पुन्हा टाकीच्या घावांची होईल. आमच्याच गल्लीत माझी मावशी राहत होती. तोच कारखाना, तेच खाते, तीच वर्षे. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. सैनिक मुलगी तिच्याही दारी गेली होती, पण धड्याची वेळ आणि काकांना भरवायची वेळ एकच. तीन-चार खेपांनंतर ते राहून गेले. मावशी शेवटपर्यंत औषधाच्या बाटल्या दुसऱ्याकडून वाचून घेत होती. घाव दोघींना सारखेच पडले. एकीला आठवड्यातून दोन तास मिळाले आणि एक शेजारीण मिळाली, दुसरीला मिळाली नाही. मावशीला धीर कमी होता किंवा तिने संकटातून शिकायचे नाकारले, असे माझ्यासमोर कोणी म्हणू नये. आईसुद्धा कोणाला म्हणू देत नसे.

(माझे मराठीतले शिक्षिकेचे प्रमाणपत्र इथे चालले नाही आणि मला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. ती कथा लांब आहे आणि तिच्यात विशेष काही नाही. माझे वय बावीस होते, त्या वयात माणूस काहीही शिकतो.)

संकटाचे स्वागत करा, या शिकवणीची मला आणखी एक भीती वाटते. अन्याय आणि संकट यांत ती फरक करत नाही. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना आदेश दिला की बेने इस्राएल माणसाचा विवाह समाजाबाहेरच्या यहुद्याशी व्हायचा असेल तर त्याच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी परमुलखात शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना आपल्या देशात येऊन यहुदीपणाचा पुरावा द्यावा लागणार होता. तेव्हा आम्ही भारतातच होतो. इथे असलेल्या आपल्या लोकांनी काय केले? ही आपली परीक्षा आहे, सोसू या, असे म्हणून ते घरी बसले नाहीत. त्यांनी समित्या केल्या, सभा घेतल्या, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह जेरुसलेमला जाऊन धरणे धरले. धरणे हा शब्द आणि ती रीत ते कुठून घेऊन आले होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक भरली, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे सरकारने जाहीर केले, आणि पुढे त्या आदेशातला आपल्या समाजाचा उल्लेख काढला गेला.

त्या धरण्याला बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी पुढे पुष्कळ वर्षांनी विचारले होते, तुम्हांला त्यातून काय मिळाले? ते म्हणाले, माझ्या मुलीचे लग्न झाले. एवढेच. त्यांनी त्या अपमानाला कुठलाही गोड रंग दिला नाही. धरण्यामुळे ते पुढे बोलते झाले, चार लोकांत उठून प्रश्न विचारू लागले, हे मी पाहिले आहे. पण ते अपमानाचे देणे नव्हते. उत्तर द्यायला ते उठले, त्या उठण्याचे होते.

कोणी म्हणेल, बाई, आपला धर्मग्रंथच तर सांगतो की वाइटातून चांगले निघते. योसेफाचे उदाहरण मला नेहमी देतात. भावांनी त्याला विकले, तो तुरुंगात पडला, आणि शेवटी मिसर देशात मोठा अधिकारी झाला. तुम्ही माझे वाईट चिंतले पण देवाने त्याचे भले केले, अशा अर्थाचे तो भावांना म्हणतो. बरोबर. पण हे म्हणतो कोण? योसेफ म्हणतो. ज्याला खड्ड्यात टाकले तो म्हणतो, तेही कित्येक वर्षांनी, बाप वारल्यावर, रडून झाल्यावर. भावांनी खड्ड्याच्या काठावर उभे राहून खाली वाकून हेच सांगितले असते तर? वाक्य तेच राहिले असते, आणि पाप दुप्पट झाले असते.

ईयोबाच्या मित्रांचेही तसेच. त्याची मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले. मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. आठव्या दिवसापासून ते अर्थ सांगू लागले आणि सगळे बिघडले. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, या अर्थ सांगणाऱ्यांवर. आणि ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण अखेरपर्यंत कोणी सांगत नाही.

हे मी आजच लिहिते याला कारण आहे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर या देशात सात दिवसांना बसलेली घरे किती झाली ते तुम्ही जाणता. मीही अशा घरी गेले आहे. खाली बसलेल्या आईला कोणीतरी म्हणतो, यातून तू कणखर होशील. ती मान हलवते, कारण पाहुण्याशी भांडायचे त्राण नसते. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी ती स्वतः काही म्हणेल तर ते ऐकायला आपण जवळ असावे. तोवर डबा घेऊन जावे, भांडी घासून यावे. आपल्या बायकांना हे शिकवावे लागत नाही. बिरड्याच्या रोजाच्या दिवशी कोणी कोणाला मंदिर का पडले याचा धडा देत नाही. वाल सोलतात, उपास सोडतात.

आणखी एक उदाहरण देऊन आवरते, कारण ते मुलांच्या पुस्तकात नाही. हाईम सामुएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. मुंबईत १८७५ मध्ये इस्राएली शाळा काढणारे हेच. तो इतिहास छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षे. छापलेले पुस्तक पाहायला ते हयात नव्हते. या वाट पाहण्याने केहिमकर मोठे झाले, असे म्हणायला मला काही आधार दिसत नाही. त्यांनी जुन्या माणसांना विचारून विचारून कागद भरून ठेवले होते, म्हणून आज नवगावाविषयी, सणांविषयी, आडनावांविषयी आपण बोलू शकतो.

तेव्हा माझी सूचना अशी. सातही वह्या मी परत देते आहे. गुण कापलेले नाहीत. मुलांनी तोच निबंध पुन्हा लिहावा, पण आजी-आजोबांना 'संकटाने काय शिकवले' असे न विचारता साधे प्रश्न विचारावेत. विमानतळावरून पहिल्या रात्री कुठे नेले? पहिला फॉर्म कोणी भरून दिला? त्याचे नाव आठवते का? काम कोणते, पाळी कोणती? मुलांना कोण सांभाळत होते? कोकम, वाल, नारळ कुठून आणत होता? कोणाशी भांडण झाले? त्या गल्लीत कोण मागे राहिले आणि त्यांचे पुढे काय झाले? आजी रडू लागली तर वही मिटावी आणि दुसऱ्या दिवशी यावे. आजोबा स्वतःहून म्हणाले की त्या दिवसांनी मला घडवले, तर ते वाक्य त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहावे.

वह्या हनुक्क्याच्या आधी आणून द्याव्यात. दोन पाने पुरेत. ज्यांच्या घरी आता विचारायला कोणी उरले नाही त्यांनी माझ्याकडे यावे; मी अजून आहे, आणि मावशीबद्दल सांगायचे बरेच राहिले आहे.